वॉरंट कुठल्या खिडकीत?

"मला आज अटक होणार आहे का, तेवढं सांगा," लोरीन टॅकेट दारातूनच म्हणाली. "होणार असेल तर आधी मुलांना घरी सोडून येते."

तिच्या अंगावर शाळेच्या बसचं केशरी जाकीट होतं. मिलबर्नमध्ये टायरच्या दुकानामागच्या त्या दीड खोलीत व्हर्ना स्टिडहॅमचं ऑफिस होतं. व्हर्नाची हयात जामिनदारांसाठी, जामिनावर सुटून पळालेली माणसं शोधण्यात गेली होती. आता ती स्वतःचा शोधकामाचा धंदा करायची. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला गाडी चालवायला मनाई होती, म्हणून तिच्या वारलेल्या बहिणीचा नवरा लेलंड प्रुइट तिला फिरवायचा. लेलंड शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झाला होता आणि कुठल्याही सरकारी इमारतीत शिरला की त्याचं डोकं फिरायचं.

"बसा आधी," व्हर्ना म्हणाली. "काय ते नीट सांगा."

लोरीननं सांगितलं. तिची सात वर्षांची नात जोसी तिच्याकडेच वाढत होती. जोसीची आई केंड्रा मध्यंतरी नशेच्या गोळ्यांच्या नादी लागली होती; आता सुधारली होती, पण पोर आजीकडेच राहावी हे तिलाही मान्य होतं. उद्या सकाळी काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, न्यायाधीश जोसीला कायमचं लोरीनच्या ताब्यात देणार होते. तेवढ्यात दुसऱ्या आजीच्या, म्हणजे मॅक्सीन बोल्सच्या वकिलाचं पत्र आलं. याच काउंटीतल्या एका गावच्या कोर्टानं लोरीनच्या नावे वॉरंट काढलंय, अशा बाईकडे मूल देऊ नये, असा त्याचा अर्ज होता.

"कुठल्या गावच्या?"

"तेच लिहिलं नाही मेल्यानं. लिहिलं असतं तर मी जाऊन निस्तरलं नसतं का?" लोरीनचा आवाज चढला. "मी शाळेची बस चालवते हो. आयुष्यात कधी सिग्नल तोडला नाही."

"कुणावर संशय?"

लोरीन खाली बघायला लागली. "नाव कशाला घ्यायचं. पोटची पोर आहे."

काउंटी कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या क्लार्कबाईनं लोरीनचं नाव आणि जन्मतारीख टाइप केली, पडद्याकडे बघितलं आणि मान हलवली. "काही नाही. आमच्याकडे काउंटीचं असतं. वॉरंटचं शेरीफला विचारा."

शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या पोलिसांचं, ऑफिस तळघरात. लिफ्ट बंद होती. जाड काचेआडच्या माणसानंही तेच टाइप केलं. "काही नाही. क्लार्कला विचारा."

"तिनंच आम्हाला खाली पाठवलं," लेलंड म्हणाला.

"मग तिला सांगा, आम्ही वर पाठवलं."

लेलंडनं तोंड उघडलं, पण व्हर्नानं त्याचा पाय दाबला. "गावच्या कोर्टांची वॉरंटं तुमच्याकडे येत नाहीत का?"

"छोट्या गावांची नाही येत. ती त्यांच्याच कपाटात. अकरा गावांची अकरा कोर्टं आहेत बाई. फोन करून उपयोग नाही, उचलत नाहीत. स्वतः जायचं." तो काचेजवळ वाकला. "आणि जिच्या नावचं आहे तिला बरोबर नेऊ नका. विचारायला गेली की तिथेच बेड्या घालतात."

बाहेर येऊन लेलंडनं आपल्या पिकअपच्या दारावर हात आपटला. अकरा गावं, काउंटीच्या दोन टोकांना विखुरलेली, आणि सगळ्यांच्या खिडक्या चारच्या आसपास बंद. उद्या सकाळी सुनावणी. नागरिकांच्या सोयीसाठी नोंदी खुल्या आहेत अशी पाटी कोर्टाच्या दारावर लावलेली होती, ती त्याला उपटून काढावीशी वाटली.

"गावं शोधत बसलो तर संपलंच," व्हर्ना म्हणाली. "लोरीननं काही केलं नसेल, तर कुणीतरी तिचं नाव वापरलंय. ती बाई शोधू. गाव तीच सांगेल."

"ती कशाला सांगेल?"

"न विचारता सांगतात माणसं. चल, आधी मॅक्सीनकडे."

मॅक्सीन बोल्सनं त्यांना ओसरीवरच बसवलं आणि बर्फ घातलेला गोड चहा दिला. चेहरा मात्र कडू होता.

"गावाचं नाव मलाही ठाऊक नाही. वकील म्हणाला, तुम्ही सांगून टाकाल, म्हणून नाही सांगत. एवढं माहीत आहे, लायसन्स नसताना पिकअप चालवताना पोलिसानं धरलं आणि बाई तारखेला गेल्या नाहीत. असल्या घरात माझी नात राहणार?"

"लोरीनकडे तर बसचंसुद्धा लायसन्स आहे."

मॅक्सीननं पेले गोळा करायला घेतले. "ते तिला विचारा."

उठता उठता व्हर्नानं विचारलं, "समजा, आपल्याच नावचं वॉरंट आहे अशी शंका आली, तर तुम्ही कुठे विचाराल?"

"शेरीफकडे. अजून कुठे विचारतात?"

केंड्रा हायवेवरच्या खाणावळीत वाढपी होती. ती ॲप्रन न काढताच मागच्या दारी आली. तिचा पहिला प्रश्न होता, "जोसी बरी आहे ना? आई आठवडाभर फोनच उचलत नाहीये."

"बरी आहे," व्हर्ना म्हणाली आणि पत्राबद्दल सांगितलं.

केंड्राचा चेहरा बदलला. "अच्छा. म्हणून. तिनं पाठवलंय तुम्हाला माझ्याकडे?"

"तू आईचा पिकअप चालवतेस?"

"चालवला ना. ग्लेंडा मावशीही नेते की. तिला विचारलंत? नाही. इथे काही हरवलं, काही फुटलं, की केंड्रा. मी सुधारले ते कुणाला दिसतच नाही."

लेलंडला तिची कीव आली, पण त्याचं मत पक्कं होत चाललं होतं. पोरीचा पूर्वीचा लौकिक, आईचा पिकअप, आईची जन्मतारीख पाठ. सगळं जुळत होतं.

"वॉरंटबद्दल विचारायचं झालं तर कुठे जाशील?" व्हर्नानं विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर. तिथली क्लार्क मला नावानं ओळखते," केंड्रा म्हणाली आणि दार आपटून आत गेली.

"हीच," गाडीत बसताना लेलंड म्हणाला.

"असेलही. ग्लेंडाकडे चल."

ग्लेंडा रस्क ही लोरीनची धाकटी बहीण. मिलबर्नबाहेर कच्च्या रस्त्यावर लोरीनच्या शेजारीच राहायची आणि घरीच बायकांचे केस कापायची. अंगणात तिची गाडी उभी होती. चाकांतली हवा गेलेली, काचेवर धुळीचा थर. आत ती एका म्हातारीच्या भुवया बारीक कात्रीनं नीट करत होती, चष्म्याशिवाय.

"गाडी चालवत नाही आता," ती हसून म्हणाली. "डॉक्टर म्हणतो, नजर गेली." तिनं चहा दिला. लेलंडनं एक घोट घेतला आणि पेला अलगद खाली ठेवला. चहाला गंजाची चव होती.

"बोअरचं पाणी," ग्लेंडा म्हणाली. "या रस्त्यावर नळ आलाच नाही. आम्ही जन्मापासून हेच पितो, म्हणून आमची हाडं लोखंडाची."

लोरीनचं ऐकून ती हळहळली. केंड्राचं नाव मात्र तिनं घेतलं नाही. "पोरीला बोल लावू नका. ती खरंच सुधारलीये."

"तुम्हाला असं वॉरंट शोधायचं झालं तर कुठे जाल?"

"कुठे जाणार," ग्लेंडा कात्री पुसत म्हणाली, "पाण्याचं बिल भरतात त्या खिडकीवर उभं राहायचं, ती बाई जेवून परत यायची वाट बघत. आली तर आली."

लेलंड मोकळेपणी हसला. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या मनातलं बोललं होतं.

व्हर्ना हसली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "ड्राय फोर्क. आणि जरा जोरात घे, खिडकी बंद व्हायच्या आत."

"ड्राय फोर्कच का?"

"आत्ता सांगितलं तर वाटभर वाद घालशील."

ड्राय फोर्कच्या गावसभेच्या इमारतीत एकच खिडकी होती आणि तिच्यावर 'आलेच' अशी पाटी लटकत होती. बाकावर तिघं-चौघं हातात बिलं घेऊन बसली होती. लेलंडनं घड्याळ बघितलं, पाटी बघितली, पुन्हा घड्याळ बघितलं. बाई तोंड पुसत आली तेव्हा त्याच्या कानातून वाफ निघायची बाकी होती. ती बाई रांगेतल्या एकेकाचं बिल घेत गेली, आणि व्हर्नाची पाळी आल्यावर तिनं त्याच खुर्चीवरून मागचं कपाट उघडलं.

"टॅकेट, लोरीन. हो, आहे. तुम्ही त्या?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. "पण उद्या सकाळी येतो, जिला यायला हवं तिला घेऊन."

संध्याकाळी लोरीनच्या स्वयंपाकघरात सगळी जमली. केंड्रा दाराला टेकून उभी होती, आत यायला तयार नव्हती. ग्लेंडानं मक्याचा ब्रेड आणला होता. जोसी बाहेर अंगणात कुत्र्याशी खेळत होती.

"वॉरंट ड्राय फोर्कचं आहे," व्हर्ना म्हणाली. "कुणीतरी लायसन्सशिवाय लोरीनचा पिकअप चालवत होतं. पोलिसानं नंबर तपासला, लोरीनचं नाव आलं. त्यानं विचारलं, 'लोरीन टॅकेट का?' आणि ती हो म्हणाली. जन्मतारीखही बरोबर सांगितली. म्हणजे घरातली बाई. मॅक्सीन इथेच बाद होते. तिला ना पिकअप मिळतो ना जन्मतारीख माहीत. राहिल्या दोघी."

कुणीही केंड्राकडे बघितलं नाही, पण सगळे तिच्याचकडे बघत असल्यासारखे बसले होते.

"मी तिघींना एकच प्रश्न विचारला. वॉरंट कुठे शोधाल? मॅक्सीन म्हणाली, शेरीफकडे. ज्यांना कधी गरज पडली नाही ते असंच म्हणतात. केंड्रा म्हणाली, तिसऱ्या मजल्यावर. तिच्या भानगडी काउंटीच्या कोर्टात होत्या, गावच्या कोर्टाची तिला कल्पनाच नाही. आणि ग्लेंडा, तुम्ही म्हणालात, पाण्याच्या बिलाच्या खिडकीवर."

"गंमत केली मी."

"गंमतच. मिलबर्नमध्ये पाण्याचं बिल बँकेजवळच्या पेटीत टाकतात. तिथे खिडकी नाही, बाई नाही, जेवण नाही. आणि तुम्ही तर जन्मापासून बोअरचं पाणी पिता. बिल भरायचा तुमच्यावर प्रसंगच आला नाही. मग ती खिडकी तुम्ही कुठे बघितली? माणसं शोधत मी ही सगळी गावं पालथी घातलीत; पाण्याची बाईच कोर्टाची क्लार्क असं या बाजूला एकच गाव आहे."

लेलंडच्या जिभेवर अचानक तो गंज आला.

"आणि नजर?" व्हर्ना पुढे म्हणाली. "चष्म्याशिवाय भुवयांचा एकेक केस कापता तुम्ही. गाडी डॉक्टरनं नाही बंद केली. लायसन्स जप्त झालंय. पिऊन चालवल्याबद्दल ना?"

ग्लेंडा बराच वेळ ब्रेडवरचं फडकं सारखं करत राहिली.

"पुन्हा धरलं असतं तर आत टाकलं असतं मला," ती शेवटी म्हणाली. "तो पोरगा म्हणाला, लोरीन टॅकेट का, मी हो म्हटलं. वाटलं, गुपचूप दंड भरून टाकू, लोरीनला कळणारही नाही. गेले होते भरायला. खिडकी बंद. पुन्हा गेले तर उघडी होती, पण रांगेत आपल्या चर्चमधली माणसं बिल घेऊन उभी. त्यांच्यासमोर मी लोरीन टॅकेट म्हणून कशी उभी राहणार? परत आले. मग तारीख गेली, आणि मग तोंडच उघडेना."

"माझी नात गेली असती," लोरीन म्हणाली. आवाज चढवायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

"ड्राय फोर्कचे न्यायाधीश एरवी गुरांच्या पेंडीचं दुकान चालवतात," व्हर्ना म्हणाली. "सकाळी लवकर उघडतात. तो पोलीसही तिथेच चहाला असतो. त्यानं यांना ओळखलं की लोरीनचं वॉरंट तिथल्या तिथे रद्द होईल. पण ग्लेंडा घरी परत येतील याची खात्री मी देऊ शकत नाही."

ग्लेंडानं मान हलवली. "मी येते."

लोरीन तेव्हा दाराकडे वळली. "केंड्रा, मी..."

"पहाटेची पाळी आहे माझी," केंड्रा म्हणाली. अंगणात थांबून तिनं जोसीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेली.

सकाळी पेंडीच्या पोत्यांमध्ये उभं राहून न्यायाधीशांनी विचारलं, "नाव?" ग्लेंडानं एकदा लोरीनकडे बघितलं. "ग्लेंडा फे रस्क," ती म्हणाली, आणि तिला लोरीन समजून बसलेल्या पोलिसानं ओशाळून टोपी काढली.

ग्लेंडा पोलिसाबरोबर मागे राहिली; सही झालेला कागद घेऊन लेलंडनं पिकअप पळवला. तिसऱ्या मजल्यावरच्या क्लार्कबाईनं कागद उलटसुलट बघितला. "हा खाली द्यायचा असतो."

"बाई," लेलंड म्हणाला, "आज मी या खिडकीसमोरून हलणार नाही." त्याचा चेहरा बघून तिनं शिक्का मारला.

सुनावणी चहा निवायच्या आत संपली. मॅक्सीनचा वकील पायऱ्या उतरून गेला, आणि जोसी लोरीन आजीची झाली. लोरीन कॉरिडॉरच्या बाकावर बसली, फोन काढला आणि किती तरी वेळ नुसता हातात धरून राहिली. मग तिनं नंबर लावला. घंटा वाजत राहिली. लेलंडला वाटलं, पोरगी उचलायची नाही, आणि का उचलावा तिनं?

केंड्रानं उचलला. खाणावळीच्या गोंगाटातून तिचा घाबरा आवाज लेलंडपर्यंत आला. "काय झालं? जोसीला काही झालं का?"

"नाही गं," लोरीन म्हणाली. "जोसी बरी आहे. तुलाच केलाय फोन."