न उघडलेलं कालव

ओहोटीला एक परका माणूस आपल्या कालवांच्या पिंजऱ्यांपाशी वाकून बाटलीत पाणी भरतोय, हे पाहून रोझेलचं डोकंच फिरलं. तिने होडी जवळजवळ त्याच्या अंगावरच घातली.

"ओ! काय चाललंय?"

"पाणी तपासतोय," तो दचकून म्हणाला. "मी ओरेस्ट... गावाच्या नव्या शुद्धीकरण केंद्रावरचा."

म्हणजे मैलापाणीवाला! गावाचं सांडपाणी खाडीत जसंच्या तसं यायचं, म्हणून सरकारने तिच्या कालवांची विक्री बंद केली होती. आता म्हणे नव्या गाळण्या, जंतू मारणारे जांभळे दिवे... बंदी उठली खरी, पण गिऱ्हाईक फिरकेल तर शपथ! हाही मोसम असाच गेला, तर वडिलांचे पिंजरे विकायची पाळी होती.

"केंद्रात पाणी स्वच्छ होतं ना? मग इथे कशाला तडमडलास?"

"तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर स्वच्छच राहतं का, ते बघायला."

उत्तर बरं होतं. डोळे त्याहून बरे होते. म्हणूनच तिला जास्त संशय आला.

तो रोज येऊ लागला. खरं तर आठवड्यातून एकदा आलं तरी चालतं, ही बातमी जोझेटमावशीने कुठूनशी काढली होती.

"मग रोज का येतोस रे?" रोझेलने त्याला विचारलं.

"भरवसा नाही ना..."

"पाण्याचा?"

"नाही. परवा तू हसलीस... पुन्हा कधी हसशील, त्याचा."

तिने हसू दाबलं आणि एक कालव त्याच्यापुढे धरलं. "हे खा, मग हसते."

त्याचा चेहरा उतरला. "नंतर खातो," म्हणत त्याने ते खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या वाटेवर, दगडांत, तिला तेच कालव दिसलं. तिच्याच हातचं घासलेलं. न उघडलेलं.

"ज्या खानावळीत आचारीच घरून डबा आणतो, तिथे मी पाणीसुद्धा पीत नाही," मावशी म्हणाली. "काहीतरी लपवतोय मेला!"

रोझेललाही तेच वाटत होतं. तरी सकाळी डोळे किनाऱ्याकडेच लागायचे. स्वतःचाच राग राग यायचा तिला.

शनिवारी मंक्टन शहरातला हॉटेलवाला लँड्री माल बघायला धक्क्यावर आला. त्याने कालव उघडलं, हुंगलं, आणि ओरेस्टपुढे केलं. "पाणी तुमचं. पहिला मान तुमचा."

सगळ्यांचे डोळे ओरेस्टवर. तो मागे सरकला. "मी... नाही खाऊ शकत."

"बघा!" मावशी ओरडली.

रोझेलच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या तोंडावर सांग. काय आहे त्या पाण्यात?"

ओरेस्टने हातमोजा काढला आणि ते कालव मनगटावर दाबलं. बघता बघता कातडीवर लाल गांध्या उठल्या.

"लहानपणापासून आहे हे. कोळंबी, शिंपले, काहीच चालत नाही मला."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"मैलापाणी साफ करणारा म्हणतो, मला कालवं सोसत नाहीत! ठेवला असतास विश्वास? आणि खाऊन ओठ सुजले असते, तर लोक म्हणाले असते, पाण्यामुळेच... तुझा धंदा बुडाला असता. त्यापेक्षा तुझा संशय परवडला."

"म्हणजे चव तुम्हालाही ठाऊक नाही," लँड्री पुटपुटला आणि गाडीकडे वळला.

"थांबा!" रोझेलने केंद्राचं पाणी खाडीत सोडणाऱ्या नळाला सगळ्यांत जवळचा पिंजरा ओढला, सुरीने कालव फोडलं आणि उभ्या उभ्या गिळलं. मग दुसरं. मग तिसरं. "ह्या माणसावर माझा विश्वास आहे. घ्यायची असतील तर घ्या!"

लँड्री गाडीपासून मागे फिरला. मग त्याने एक कालव उचललं, डोळे मिटून खाल्लं... आणि पुढच्या आठवड्यापासून माल पाठवायला सांगून गेला.

ओरेस्ट अगदी जवळ आला. "रोझेल... मला तू फार आवडतेस."

"मलाही. कधीपासून!" ती म्हणाली. तो वाकला... आणि तिने त्याला दोन्ही हातांनी मागे लोटलं.

"अजून संशय?"

"अरे वेड्या, आत्ताच तीन कालवं खाल्लीत मी! ओठ सुजतील तुझे."

"सुजू देत."

"मुळीच नाही. उद्या ये. उद्या मी कालवं खाणार नाही."

मावशीच्या हातातली टोपली खाली पडली. "तापाने फणफणली तरी कालवं सोडत नाही ही पोरगी," ती म्हणाली. "आता तर लग्नच ठरलं म्हणायचं!"