पियानो लावायला गेलेला मेहुणा

टॉर्च विझवा रे, उगाच डोळ्यांवर मारू नका. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. माझ्या सख्ख्या मेहुण्याची गोष्ट आहे, तिखटमीठ लावायची मला गरज नाही.

मेहुणा लोकांचे पियानो सुरात लावून द्यायचा. मागच्या फेब्रुवारीत त्याला एका फार मोठ्या पियानोवादकाच्या घरी बोलावणं आलं. वादक जाऊन वीसेक वर्षं झालेली. आता लोक तिकीट काढून येतात, त्याची खुर्ची, त्याचा चष्मा बघतात. रविवारी तिथे कार्यक्रम होता. दिवसा माणसांचा कलकलाट, म्हणून शनिवारी रात्री दहाला व्यवस्थापक बाईंनी मेहुण्याच्या हाती किल्ली दिली आणि त्या आपल्या घरी निघून गेल्या.

पण वर्षभर मेहुण्याला वरचे बारीक स्वर ऐकूच येत नव्हते. हे फक्त आमच्या ताईला ठाऊक. "सांगून टाका हो एकदाचं," ती म्हणायची. "सांगू, आणि खाऊ काय?" हा खेकसायचा.

खालचे, मधले स्वर त्याने झटपट लावले. मग वरचे आले. तिथे एका स्वराला तीन तारा असतात. दोन लोकरीच्या पाचरीने गप्प करायच्या, तिसरी चावीने पिळायची. त्याने पिळली. पट्टी दाबली. कानात काहीच नाही. "लावू अंदाजपंचे," तो स्वतःशीच पुटपुटला.

टक्.

पलीकडे रखवालदार असेल, असं त्याला वाटलं. तार चढवली. टक्. आणखी चढवली. टक् टक्. जरा उतरवली…

काही नाही.

पुढची तार. चुकली की टक्. जमली की गप्प.

"कोण आहे?"

रखवालदार तर बाहेर फाटकाशी खोकत होता. मेहुण्याचा डावा हात पियानोवर टेकलेला. टक्… तळहाताखाली. लाकडाच्या आतून.

पळावं, तर उद्या बोभाटा. तो लावत राहिला. घाम… तार… टक्… तार…

शेवटची तार.

शांतता.

सकाळी बाई आल्या तेव्हा तो तिथेच स्टुलावर बसलेला. त्यांनी पट्ट्यांवरून बोटं फिरवली आणि हरखल्या. "इतका गोड कधीच लागला नव्हता! आता दरवर्षी तुम्हीच यायचं."

गप्प राहिला असता तर जन्माची ददात मिटली असती. पण त्याला राहवेना.

"बाई, मला वरचं ऐकू येत नाही. वर्ष झालं."

बाई हसल्या. मग थांबल्या. "मग लावला कुणी?"

मेहुण्याने नुसतं बोट दाखवलं. पियानोच्या पलीकडच्या अंगाला, काळ्या चकचकीत लाकडावर, कानाचा ठसा होता. पाळीसकट.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "शेवटी शेवटी त्यांनाही ऐकू येत नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "असेच… कान टेकून बसायचे."

त्यांनी फडकं घेतलं. पुसलं. पुन्हा पुसलं. फडकं ओलं होत होतं… ठसा जाईना.

मेहुण्याने हात लावून बघितला.

कोमट होता.