टाकीतला सीताराम

लाइट यायला वेळ आहे, तोवर सांगतो. ऐकीव नाही हं. काशीराम माझा शेजारी, इथेच नाहूरला. त्याने स्वतः मला सांगितलेलं.

त्र्याऐंशी साल. तुळशीच्या लग्नाची रात्र, साडेसातचा सुमार. संपात गिरणी गेली, तेव्हा बहिणीच्या, जानकीच्या नवऱ्याने, दशरथने, काशीरामला मुलुंडच्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा द्यायच्या कारखान्यात चिकटवलेलं. दशरथ तिथला सुपरवायझर. काशीराम त्याला देवासारखा मानायचा.

प्लेटिंगच्या पाण्यात सायनाइड असतं. ते पाणी साठतं त्या टाकीत आधी कॉस्टिक सोडा घालायचा, मग ब्लीचिंगचं पाणी, आणि तासन्‌तास ढवळायचं, तेव्हा ते विष मरतं. नाही मारलं आणि त्यावर नेहमीसारखं शेजारच्या टाकीचं अ‍ॅसिड पडलं, तर जो वायू सुटतो त्यात माणूस दोन श्वासांत आडवा.

दशरथ म्हणाला, "काशी, विष मारलंय, पाणीही सोडलंय. उतरून तळाचा गाळ तेवढा काढ. मग घरीच ये, जानकीने लग्नाला बोलावलंय तुला."

"बरं, भावजी."

बादली घेऊन तो शिडीवरून उतरू लागला. चार पायऱ्या झाल्या. खाली अंधारात कुणीतरी पाठमोरं उभं होतं.

"कोण रे?"

"सीताराम."

असेल दुसऱ्या पाळीतला, काशीरामला वाटलं.

"उतरू नको."

"अरे, विष मारलंय. भावजी म्हणाले."



"मलाही... तेच म्हणाला."

काशीराम वर आला. कसा, ते त्यालाच ठाऊक नाही. कडेला ब्लीचिंगचे कॅन होते. सगळे सीलबंद.

तो केबिनमध्ये गेला.

"भावजी, टाकीत सीताराम आहे."

दशरथचा कप हातातच राहिला. कोण सीताराम, असं त्याने विचारलं नाही. वेड लागलं का, असंही म्हणाला नाही.

"...काय म्हणाला?"

काशीराम तसाच निघाला. नंतर एका जुन्या कामगाराने सांगितलं, सीताराम आदल्या वर्षी त्याच टाकीत गेला. घरी कळवलं, हार्ट बंद पडलं. त्याचीच जागा काशीरामला मिळाली होती.

"नाना," काशीराम मला म्हणाला, "भुताचं काय रे... घरच्या माणसाने खाली पाठवलं मला."

बहिणीला त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. भाऊबीजेला मान खाली घालून ओवाळून घ्यायचा. दशरथच्या घरचं पाणी मात्र पुन्हा प्यायला नाही.

त्या रात्री घरी येऊन त्याने शर्ट काढला. बायको, सुगंधा, म्हणाली, "अहो... पाठीवर हे काय?"

निळा शर्ट. पाठीवर मधोमध पाच बोटांचा पंजा, वर ढकलल्यासारखा. तेवढ्याच जागेचा रंग उडालेला. पांढराफेक.

मी पाहिलाय तो शर्ट.