तपासली, चालू

बॅटऱ्या पाच होत्या की सहा, हे मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही. सिद्धलिंग सरांनी ही हकिकत मला तीनदा सांगितली. दोनदा पाच म्हणाले, एकदा सहा. की तिन्ही वेळा पाचच म्हणाले आणि सहाचा आकडा माझ्या डोक्यात नंतर शिरला? माझा स्वतःवर फार भरवसा उरलेला नाही. पण पुढं ऐकाल तेव्हा तुम्हाला पटेल, घोटाळा एकट्या माझ्या आठवणीचा नाही.

लाइट काही तासभर येत नाही, तुमचा अभ्यास आज बुडालाच. आदर्श, तो मोबाईलचा उजेड बंद कर बाबा. गोष्ट उजेडाचीच आहे, पण ती अंधारात ऐकलेली बरी.

सर लातूरला भौतिकशास्त्र शिकवायचे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लास. तेव्हा लातुरात गल्लीगल्लीला क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि बाहेरगावच्या पोरांनी खोल्या भरून गेल्या होत्या. सरांचं नाव मोठं, पण स्वभाव भित्रा. दाराला कुलूप लावलं की चारदा ओढून बघणार, गल्लीच्या टोकाला गेल्यावर पाचव्यांदा परत येणार.

दोन हजार नऊ साल. शेतातल्या मोटारींना लाइट यायची ती रात्रीच. लोक दीडला, दोनला उठून पिकाला पाणी द्यायला जायचे आणि दरसाल दोन-चार जणांना पान लागायचं. पान लागणं म्हणजे साप चावणं. रात्री त्याचं नाव आमच्याकडं घेत नाहीत. म्हणून तिथल्या एका पतसंस्थेनं ठरवलं, चारशे सभासदांना खिशात मावणारी एलईडी बॅटरी द्यायची. तुम्ही टॉर्च म्हणता, आम्ही बॅटरीच म्हणतो.

पाच कंपन्यांचे नमुने आले. चेअरमन व्यंकटरावांनी एक मनाशी पक्की केलेली होती. तिच्या खोक्यावर ठळक अक्षरात 'सलग आठ तास' असं छापलेलं. सभासदांना वाटायच्या पत्रकाखाली फक्त एका प्रोफेसरची सही पाहिजे होती. सर ज्या क्लासात शिकवायचे तो क्लासही व्यंकटरावांचाच, त्यामुळं सही मिळाल्यातच जमा होती.

"लागती का बॅटरी? लागती. मग ठोका सही," व्यंकटराव म्हणाले.

"आठ तास लागती का बघतो. मग ठोकतो."

"सर, आपल्याला रॉकेट सोडायचं न्हाई."

"रॉकेटखाली कुणी अनवाणी चालत नसतं, व्यंकटराव," सर म्हणाले, आणि आपण हे बोललो याची त्यांनाच भीती वाटली.

असा माणूस एवढ्यावर का अडला, ते सांगतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औशाच्या पुढच्या एका गावचे लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. गावाचं नाव मी घेत नाही. तिथं मदतीत दोनशे बॅटऱ्या आल्या. पत्र्याच्या, दोन सेलच्या, अंगावर सरकवायचं बटण असलेल्या. सर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, वाटपाची जबाबदारी त्यांच्यावर. त्यांनी कर्कटकाच्या टोकानं एकेकीच्या बुडावर नंबर कोरला. रजिस्टरात नंबर, नाव, अंगठा आणि शेरा. पहिल्या बारा बॅटऱ्या लावून बघितल्या. मग पाऊस आला, रांग हलेना, लेकरं रडायला लागली. उरलेल्या नुसत्याच वाटल्या आणि शेरा सगळ्यांपुढं एकच लिहिला: तपासली, चालू.

आठवड्यानं कानावर आलं की शेडमधली एक बाई रात्री बाहेर निघाली आणि तिला पान लागलं, त्यातच ती गेली. हातात बॅटरी होती. ती लागलीच नाही. सरांनी त्या बाईचं नाव विचारलं नाही. नंबर विचारायचा तर धीरच झाला नाही. तेव्हापासून हा माणूस कुलूप चारदा ओढायला लागला.

तर नमुने तपासायचे, म्हणजे काळोख पाहिजे. लातुरात तो मिळेना. लाइट गेली तरी क्लासच्या पाट्या जनरेटरवर झगझगत राहायच्या. सरांनी दिवस ठरवला शुक्रवार, अठरा सप्टेंबर. जागा ठरवली त्याच गावचं जुनं गावठाण. गाव केव्हाच दोन किलोमीटरवर नवं वसलेलं. जुन्या जागी पडक्या घरांची जोती, दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी. हीच जागा का, ते सरांनी मला कधी सरळ सांगितलं नाही.

सोबतीला पाशामियाँ. लातूरच्या गंजगोलाई बाजारात त्यांचं स्टोव्ह आणि बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान होतं, हात सोन्याचा. ते म्हणाले, "सर, पित्रांची अमावस्या हाय. दुसरा दिवस न्हाई का?"

"चांदणं नको म्हणून तर."

"चांदणं नको, कबूल. बाकीचे बी नको ना?"

हसत हसतच स्कूटरवर निघाले दोघं.

तपासायची रीत सरांनी स्वतः बसवलेली होती. एका शाबूत जोत्यावर पाचही बॅटऱ्या रांगेत मांडायच्या, नवे सेल घालून एकदम लावायच्या. समोर दहा पावलांवर जमिनीवर काळ्या दोरीचा हातभर तुकडा टाकायचा. दर वीस मिनिटांनी एकेक बॅटरी उचलून दोरीवर धरायची. दिवा कितीही जळत असो, दोरी दिसेनाशी झाली की ती बॅटरी मेली, असं लिहायचं. कारण पाय पडतो तो दोरीवर, दिव्यावर नाही.

नऊ वाजता बॅटऱ्या लावल्या. आठ तास म्हणजे पहाटे पाच.

व्यंकटरावांची बॅटरी अकरा वीसला मेली. मिणमिणत होती, पण दोरी दिसेना. सरांनी वहीत वेळ लिहिली. पाशामियाँ म्हणाले, काजवा पकडून डबीत घातलाय जणू. मग डबा उघडला, भाकरी खाल्ली, आणि ते जोत्यावर आडवे होऊन घोरायला लागले.

एक गेला. दीड गेला. सर वीस मिनिटांनी उठत, बघत, लिहीत.

दोन वाजून दहा मिनिटं.

रातकिडे थांबले. हळूहळू नाही. एकदम.

आणि दोरीच्या पलीकडून आवाज आला.

खट्...

सरांनी मान वर केली.

खट्... खट्...

त्यांच्या पाचही बॅटऱ्यांना मागं दाबायचं रबरी बटण होतं. त्याला आवाज नसतो. हा पत्र्यावर बटण सरकवल्याचा आवाज होता. पुढं. मागं. पुढं. मागं. कुणीतरी बॅटरी लावून बघत होतं.

उजेड मात्र येत नव्हता.

सरांनी सगळ्यात चांगली बॅटरी उचलली, झोत टाकला. दोरी होती. पलीकडं बाभळ होती. माणूस नव्हतं.

खट्...

आता दोरीच्या अलीकडून.

पाशामियाँ जागे झाले होते. त्यांनी सरांचं मनगट धरलं.

"सर... चला."

सर उठले नाहीत. उठता येत नव्हतं, असं एकदा म्हणाले. उठायचं नव्हतं, असंही एकदा म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं.

"पाचला अजून वेळ हाय. तपासणी अर्धी सोडून मी एकदा गेलोय, पाशाभाई. परत जाणार न्हाई."

खट्... खट्...

जोत्याच्या टोकाला. चार हातांवर.

सरांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. मग विचारलं.

"लागंना व्हय बॅटरी?"

...

"आणा इकडं. ठिवा हितं. बघतो मी. आता... तपासल्याबिगर देणार न्हाई."

काही नाही. कितीतरी वेळ काही नाही.

मग दगडावर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. हलकासा. जपून ठेवल्यासारखा.

आणि रातकिडे पुन्हा सुरू झाले.

सरांनी तिकडं झोत टाकला नाही. भीतीनं नव्हे, असं ते मला म्हणाले. दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या तोंडावर कुणी उजेड मारत नाही. दोन वीसची नोंद त्यांनी दोन वीसला केली. अक्षर वेडंवाकडं आहे, पण नोंद आहे. ती वही मी डोळ्यांनी पाहिली. पाच वाजेपर्यंत एकही नोंद चुकलेली नाही.

उजाडलं. पाशामियाँ रांगेकडं बघत उभे होते.

"सर, आपण किती आणल्या होत्या?"

रांगेत सहा होत्या.

सहावी पत्र्याची, गंजलेली, भेगांत माती भरलेली. पाशामियाँनी बूड पिळून उघडलं. आत सेल फुटून पांढरी भुकटी झालेली. स्प्रिंग नव्हतीच. गंजून गेली असं नाही, मुळात बसवलेलीच नव्हती. ही बॅटरी एकदाही लागणं शक्य नव्हतं. बुडावर कर्कटकानं कोरलेला नंबर: १४७.

सोमवारच्या बैठकीत सरांनी वही पुढं टाकली. आपली बॅटरी आठ तास जळतेच की, असं व्यंकटराव म्हणाले. जळते, पण त्या उजेडात दोरी दिसत नाही आणि मी सही करणार नाही, असं सरांनी उभं राहून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला लोकांनी ऐकला. पत्रक सहीशिवाय छापलं गेलं. सरांचं नाव का नाही, असं सभासदच विचारायला लागले, आणि शेवटी चारशे खोकी परत गेली. सरांचा क्लास सुटला. त्याचं दुःख त्यांनी केलं नाही.

सहावी बॅटरी पाशामियाँनी दुरुस्त केली. जुन्या तऱ्हेचा बल्ब उदगीरहून शोधून आणला, स्प्रिंग बसवली. सरांनी तिची तपासणी घेतली, तीच दोरी, तीच दहा पावलं. दोरी दिसली. कागदाच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, तपासली, चालू, आणि खाली सही केली. आता ती कुणाला द्यायची, हे कळायला रजिस्टर पाहिजे होतं. ते तेव्हा कॉलेजच्या कपाटात ठेवलेलं, पण ती कपाटं दोनदा हललेली. सर आठ वर्षं रजिस्टर शोधत राहिले.

सतराच्या उन्हाळ्यात ते सापडलं. एकशेसत्तेचाळीस: बसम्मा. निळा अंगठा. शेरा सरांच्याच अक्षरात.

त्याच आठवड्यात सर नव्या गावठाणात गेले. बसम्माचा मुलगा शिवप्पा आता पन्नाशीचा. सरांनी सगळं सांगितलं. पहिल्या बारा, पाऊस, रांग, काहीही लपवलं नाही. शिवप्पा ऐकत राहिला. रागावला नाही. जुनी गोष्ट आहे म्हणाला, चहा ठेवायला सांगितलं. मग सरांनी पिशवीत हात घातला आणि विचारलं, आईची ती बॅटरी पुढं कुठं गेली, तुम्हाला माहीत आहे का?

लिंगायतांत माणूस जाळत नाहीत, बसवून पुरतात.

"तिच्याबरूबरच गेली की, सर," शिवप्पा म्हणाला. "मुठीतनं निघंचना. तसंच बसिवलं. माती मीच लोटली."