आतल्या खोलीतला मालवणी आवाज

फोन ठेव बाजूला, सौरभ. आमच्या वाकोल्याचा धम्मपाल, कुलपं-कड्या बसवणारा, त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. मुलुंड पूर्व. गेल्या वर्षी मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, रात्रीचे पावणेनऊ.

काम साधं होतं. आतल्या खोलीच्या दाराची कडी काढून टाकायची. घरात नवराबायको आणि नऊ वर्षांची ऋता. बापाने धम्मपालला आल्या आल्याच बजावलं, पोरगी आतून कडी लावून बसते, आणि तिच्याशी बोलायचं नाही. गणितात मार्क कमी पडले म्हणून घरात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. अकरावा दिवस होता. ताट दाराशी सरकवायचं. तिने हाक मारली तर ओ द्यायची नाही. असंच सुधारतात म्हणे मुलं. आई, गंधाली तिचं नाव, ओट्याकडे तोंड करून उभी होती. वळलीच नाही.

धम्मपाल दाराशी बसला. आत पोर हळू आवाजात शाळेतलं काही सांगत होती. ती थांबली तसा एका म्हातारीचा आवाज आला.

"जेवलंस काय गो?"

त्याला बरं वाटलं. चला, आजी तरी बोलते पोरीशी.

फटीतून पट्टी घालून त्याने कडी सरकवली. बोलणं बंद झालं. आत भिंतीपाशी ऋता एकटीच बसलेली. दुसरं कोणी नाही. दुसरं दारही नाही.

त्याने मान खाली घालून स्क्रू काढले. एक. दोन...

"काका, मी तुम्हाला दिसते?"

"दिसतेस की."

मग त्याने विचारलं, आजी कुठे गेली. तिने शेजारच्या रिकाम्या फरशीवर हात ठेवला.

"ही काय..."

धम्मपालला तिथून पळावंसं वाटलं. मागे बाप येऊन उभा होता. तरी तो खाली बसला आणि बापाच्या देखत म्हणाला, "जेवलीस का, बाळा?"

पोर त्याच्याकडे बघत राहिली... आणि मग जी रडायला लागली! गंधाली धावत आली, नवऱ्याला बाजूला सारून आत गेली, आणि लेकीला कुशीत घेऊन तिथेच फरशीवर बसली.

निघताना धम्मपालने गंधालीला विचारलं, सासूबाई मालवणच्या का. ती म्हणाली, आमच्यात मालवणचं कोणीच नाही. घरात आम्ही तिघंच.

जानेवारीत ती लेकीला घेऊन साताऱ्याला भावाकडे गेली, ती परत आली नाही. ऋता तिथल्या शाळेत जाते, बडबड करते. बापानेही ती जागा सोडली. एप्रिलात भाडेकरूसाठी कुलूप बदलायला त्याने धम्मपाललाच बोलावलं. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवलेली. घर रिकामं.

धम्मपाल आतल्या खोलीत गेला. ऋता बसायची तिथे भिंतीवर, खालच्या बाजूला, डोकं टेकून पडलेला केसांच्या तेलाचा डाग होता. लहान. वाळून धूळ बसलेला.

त्याच्या शेजारी, वीतभर वर, आणखी एक.

त्याने हात लावला...

बोटाला तेल लागलं.