मागून गाणारा

नव्व्याण्णव सालचा जून. लखनौत लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, अशी वाहत होती, की चौकातली कुत्रीसुद्धा भरदुपारी दुकानांच्या फळ्यांखाली शिरून पडायची. मधुमतीबाई मात्र स्वयंपाकघरात अरवीचे कंद सोलता सोलता लॅटिन गात होत्या.

त्या शिकवायच्या त्या शाळेत कॉयरचा, म्हणजे समूहगानाचा, कार्यक्रम होता. युद्ध आणि शांती. युरोपातलं साडेचारशे वर्षांपूर्वीचं संगीत. पहिल्या भागात नुसत्या गळ्यांनी नगारे, तुताऱ्या, घोड्यांच्या टापा यांचे आवाज काढायचे. दुसऱ्यात शांतीची लॅटिन प्रार्थना. ही प्रार्थना मोठी गमतीची. कागदावर सुरावट एकच. एक बाई सुरू करते आणि थोड्या वेळाने दुसरी तेच गाणं पहिल्यापासून उचलते. मधुमतीबाई पुढे, त्यांच्या सहशिक्षिका मिस लाल मागे.

घरी मागे कोणी नसायचं. त्यांचा मुलगा अभिराम फौजेत, कारगिलला. बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. टीव्हीवर शवपेट्या दिसल्या की त्यांचे पती नंदकुमार मुकाट्याने चॅनेल बदलत. गाताना तेवढा वेळ बाईंचं मन थाऱ्यावर राही.

त्या दुपारी बाई दुसऱ्या ओळीवर आल्या आणि मागून कोणीतरी पहिली ओळ उचलली.

"शर्वरी, चेष्टा पुरे!"

लेक ओल्या केसांनी दारात आली. "मैं तो नहा रही थी, मम्मी! तुम्हारा ये भजन सुनके दूधवाला भाग जाए, मैं गाऊँगी?"

पोरीवर विश्वास कोण ठेवणार? दुसऱ्या दिवशी ती अमीनाबादच्या बाजारात गेल्यावर बाईंनी दाराला कडी लावली. वीज गेलेली, कूलर बंद. टेपरेकॉर्डरमधले सेलही काढून ठेवले. मग गायल्या.

आवाज आला. पुरुषाचा, अभिरामच्या बंद खोलीतून.

त्यांनी दार ढकललं. चादर ताणलेली, खिडकी बंद. आवाज खोलीच्या मधोमध होता आणि दिसायला काहीच नव्हतं. शब्द अर्धवट तोडून श्वास घ्यायची खोड तेवढी ओळखीची. लहानपणी पाढे म्हणताना अभिराम असाच अडखळे. आणि हे गाणं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

हा इथे असेल, तर तिथे कोण आहे?

"मैं नहीं गाऊँगी," त्यांनी मिस लालना सांगून टाकलं. "मैं चुप, तो वो भी चुप."

"कौन वो?" मिस लाल हसल्या. "ऐसा नहीं होता, मधुमतीजी. आगेवाला रुक जाए, पीछेवाला अपना पूरा करके ही रुकता है."

बाईंनी गाणं सोडलं. घर गप्प झालं. इतकं, की त्यांनाच खोलीच्या दाराला कान लावावासा वाटे.

मग एका दुपारी फोन वाजला.

"आई, मी बरा आहे."

खरखर होती, पण तोच. बाईंना रडू फुटलं. "जेवतोस ना रे वेळेवर?"

"जेवतो गं. सुट्टी मिळाली की येतो."

मागे, अभिरामच्या खोलीतून, हळू, त्याच आवाजात आलं, "आई, मी बरा आहे."

बाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"जेवतो गं," खोली म्हणाली. "सुट्टी मिळाली की येतो."

फोनवर आता नुसती खरखर होती.

"अभी? अभी, बोल ना!"

खोलीत कोणीतरी श्वास घेतला.

"आई, फोन ठेवू नकोस."

या वेळी खोली पुढे होती.

थोड्या वेळाने, खरखरीतून, रिसीव्हरमध्ये अभिराम म्हणाला, "आई, फोन ठेवू नकोस."