उलट्या आट्यांचा पार्ट

त्याच्या मोटारसायकलची चेन तुटली ती नेमकी आमच्या दुकानासमोर.

वडीगोद्रीला हायवेवर माझ्या वडलांचं, अण्णांचं, ट्रॅक्टर-ट्रकच्या स्पेअरचं दुकान आहे. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून काउंटरवर मीच असते... दैवशाला.

"दुकानात कोणी आहे का?" त्यानं माझ्याकडं बघतच विचारलं.

"मी दिसून न्हाई राह्यले का?"

तो गडबडला. गालावर चेनचं काळं ग्रीस लागलेलं. मी सांगितलं नाही. बरं दिसत होतं.

कडी मोजायला त्यानं बॅगेतून तुटकी चेन काढली, तसा एक पितळी तुकडा गडगडत माझ्यापुढं आला. मी उचलून बघितला. आतले आटे पार झिजलेले.

"राहू द्या, ते तुमच्याकडं न्हाई मिळणार," तो म्हणाला. "विलायती स्पोर्ट्स कारचं आहे. पुढचं चाक ज्याच्यावर वळतं ना—"

"ट्रनियन. अन् ह्याला कुणी तेल पाजलंच न्हाई. ग्रीस भरत बसले असाल. ह्याला गिअरचं तेल लागतं."

आता मात्र त्यानं मला नीट बघितलं. इतकं नीट, की मीच चेनची कडी शोधायला खाली वाकले.

त्याचं नाव जिनेंद्र. जालन्यात मस्तगडला त्यांचं भांड्यांचं दुकान. वडलांनी, सोहनलालजींनी, तरुणपणी हैदराबादहून लाल स्पिटफायर आणली होती. दोन सीटची. "माँ त्याच गाडीत बसून सासरी आली," तो म्हणाला. "ती गेल्यावर बाबूजींनी गाडीवरचं कापडच काढलं न्हाई. आता म्हणतात, विकून टाकू. रविवारी पुण्याचा माणूस येणार आहे. त्याच्या आधी चालली तर ठेवतील... हैदराबाद झालं, संभाजीनगर झालं, आत्ता बीडहून आल्तो. कुठंच न्हाई."

तो गुरुवार होता.

"शहागडला साहेबराव काकांकडं जुनी हेराल्ड गाडी आहे," मी म्हणाले. "अण्णा दुरुस्त करायचे तेव्हा पाने द्यायला मी असायचे. ती मद्रासला बनायची, पण ती अन् तुमची स्पिटफायर सख्ख्या बहिणी. तुमची जरा नटवी, एवढंच."

"पार्ट बराबर बसंल?"

"बिलकुल."

शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. पुढं माझी स्कूटी, मागं त्याची मोटारसायकल. मोसंबीच्या बागा बहरलेल्या, सगळा रस्ता गोड वासानं भरलेला. आरशात बघितलं की तो दिसायचा... आणि मी उगाच आरसा नीट करायचे.

हेराल्ड लिंबाखाली उभी होती. टपावर कडबा, मागच्या सीटवर अंड्यावर बसलेली कोंबडी. साहेबराव काका आधी तोंड वाकडं करून बसले, पण अण्णांचं नाव काढल्यावर म्हणाले, "घे पोरी. फक्त कोंबडी उठवू नको."

मी जॅक लावला, चाक काढलं. जिनेंद्र शेजारी उकिडवा बसून पाने देत होता. एकदा पाना देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर थांबली... जरा जास्तच. मी बोल्ट काढला, पितळी ट्रनियन फिरवून सोडवला आणि फडक्यात गुंडाळला.

दुकानात आल्यावर दोन्ही पार्ट काउंटरवर शेजारी ठेवले आणि माझं तोंड उतरलं. त्याचा डावीकडचा होता, उलट्या आट्यांचा. मी आणला होता उजवीकडचा, सरळ आट्यांचा. सात वर्षांत मी गिऱ्हाइकाला एक चुकीचा नट दिला नव्हता!

मान वर केली तर हा हसत होता.

"हसता काय? रविवारी गाडी जाईल तुमची!"

"मला तिथंच कळलं होतं," तो म्हणाला. "माझा मी उलटा फिरवून काढला होता. तुम्ही सरळ फिरवायला लागल्या..."

"मंग बोलला का न्हाई?"

"कारण मंग—" त्यानं फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मंग काम झालं असतं. अन् मला या दुकानात यायला दुसरं कारण न्हाई. मधे शनिवार आहे, ते मोजूनच गप्प बसलो. तुमच्यासोबत अजून एकदा शहागडला जायचं होतं, दैवशाला."

राग आला होता. खरंच आला होता. आईची गाडी पणाला लावून कुणी असं करतं? पण माझं नाव त्यानं इतकं हळू घेतलं, की राग कुठं ठेवावा तेच कळेना.

"उद्या आठला या," मी म्हणाले. "अन् पुन्हा गप्प बसलात तर बघा."

शनिवारी आम्हाला बघून साहेबराव काकांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. "हा पार्ट काल दिसला न्हाई व्हय तुला?" मी चाकात डोकं घातलं, ते काम होईस्तोवर वर काढलंच नाही.

तो पार्ट घेऊन जालन्याला गेला. रात्र गेली, सकाळ गेली. फोन नाही, काही नाही. मी एका ट्रॅक्टरवाल्याला एकच फिल्टर दोनदा बांधून दिला.

रविवारी चारच्या सुमाराला हायवेवरची माणसं एकाएकी वळून बघायला लागली. लालभडक, बुटकी, बिनछताची गाडी दुकानासमोर थांबली. जिनेंद्रच्या शेजारून पांढऱ्या सदऱ्यातले सोहनलालजी उतरले. सावकाश, सीटच्या पाठीवरून एकदा हात फिरवून.

"पुण्याच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं," ते मला म्हणाले. मग आत खुर्चीवर बसलेल्या अण्णांकडं वळले. "रामकिसनजी, चहा पाजता का? निवांत बसतो मी. पोरांना जरा फिरून येऊ द्या."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. "छत न्हाई पोरी तिला. सगळं गाव बघंल."

"बघू द्या, अण्णा."

मी त्या सीटवर बसले. दार मीच ओढून घेतलं.

"कुठं जायचं?" जिनेंद्रनं विचारलं.

"आधी शहागडला. काकांना गाडी दाखवू."

"अन् मंग?"

"मंग जालन्याला. तुझं घर बघायचंय मला."

'तुझं' ऐकलं आणि त्यानं क्लच सोडला तो असा, की गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. वडीगोद्रीच्या भर हायवेवर, तीनदा.